आजारपणाची साधने हेही भांडवलच

आपल्या समाजातील छोटा व्यापारी किंवा कारागीर धंदा सुरू करताना पुष्कळ गोष्टींचा हिशेब मांडतो. जागेचे भाडे किती, माल कोठून उचलायचा, उधारी किती दिवसांची द्यायची, सणाचा हंगाम किती हात देईल, हे सर्व त्याला तोंडपाठ असते. परंतु ज्या शरीराच्या बळावर हा सारा डोलारा उभा आहे ते शरीर दोन-तीन महिने अंथरुणाला खिळले तर काय, हा हिशेब फारसे कोणी मांडत नाही. ऑपरेशनची वेळ आली की दागिना मोडून, कर्ज काढून, नातेवाइकांपुढे हात पसरून पैसा उभा केला जातो. ऑपरेशन होते, मनुष्य घरी येतो, आणि त्याची खरी अडचण तेथून सुरू होते. कारण घर आणि दुकान दोन्ही धडधाकट माणसासाठी बांधलेली असतात.

गेल्या वर्षी रमजानच्या हंगामात मी दुकानातील शिडीवरून पडलो. वरच्या फळीवरचा तागा काढताना शिडी घसरली आणि उजव्या खुब्याचे हाड मोडले. सोलापूरच्या एका रुग्णालयात खुब्याचा सांधा बदलण्याचे ऑपरेशन झाले. ऑपरेशन उत्तम झाले, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. डॉक्टरांनी निघताना ताकीद दिली: मांडी घालायची नाही, उकिडवे बसायचे नाही, पायावर पाय टाकायचा नाही, खुबा गुडघ्याच्या खाली जाईल अशा बैठकीवर बसायचे नाही, खाली वाकून काही उचलायचे नाही. मी मान डोलावली. गाडी भूमला दारात येऊन थांबली तेव्हा माझ्या ध्यानात आले की माझे सारे आयुष्य याच पाच गोष्टींवर चाललेले आहे. दुकानात गादीवर मांडी घालून बसायचे, जेवायला दस्तरखानावर बसायचे, संडास भारतीय पद्धतीचा, वुजू खालच्या नळावर, नमाज चटईवर. डॉक्टरांनी काय करू नये ते सांगितले होते. त्याऐवजी काय करावे आणि त्यासाठी घरात काय बदलावे, हे कोणीच सांगितले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते.

मोहताजी कशात आहे?

आपल्याकडे वडीलधारी माणसे दुआ मागताना एक गोष्ट हमखास मागतात की, या अल्लाह, कोणाचा मोहताज करू नकोस. वॉकर घेऊन चालणे, कमोडच्या खुर्चीवर बसणे, काठी टेकणे, हीच ती मोहताजी असे आपण समजतो. म्हणून घरात वॉकर आला तरी तो दाराआड लपवला जातो. पाहुणे आले की मनुष्य पलंगावर पडून राहतो, पण वॉकर हाती धरत नाही. माझेही पहिल्या आठवड्यात असेच झाले. मुलगा दुकान सोडून दिवसातून पाच-सहा वेळा मला उठवायला येत असे. सुनेला हाक मारायची लाज, बायकोला माझे वजन पेलत नाही. रात्री संडासला जायचे म्हटले की सारे घर जागे. त्यामुळे मी पाणी पिणेच कमी केले. आता विचार केला तर मोहताजी होती ती हीच.

आठवड्याने माझ्या एका सुतार मित्राने येऊन पलंगाच्या चारी पायांखाली लाकडी ठोकळे बसवले आणि पलंग उंच झाला. त्या रात्री मी प्रथमच कोणालाही न उठवता उभा राहिलो, वॉकर धरला आणि संडासापर्यंत गेलो. त्या ठोकळ्यांना लाकडाच्या चार तुकड्यांपलीकडे काही लागले नव्हते. मुलगा दुसऱ्या दिवसापासून दुकानात पूर्ण वेळ बसू लागला. व्यापारी माणसाने या गोष्टीचा हिशेब अवश्य करावा.

हे लिहिताना मला माझ्या आईची आठवण होते. १९९८ साली ती अंगणात पडली आणि तिचाही खुबाच मोडला. आमचे घर जुने, माळवदाचे. जाड भिंती, अरुंद दरवाजा, उंच उंबरा आणि संडास अंगणापलीकडे चार पायऱ्या उतरून. तिचे ऑपरेशन झाले होते, डॉक्टरांनी चालवायलाही सांगितले होते. पण त्या चार पायऱ्या तिला उतरता येत नव्हत्या. आम्ही भावांनी ठरवले की अम्मीला त्रास नको, सर्व काही पलंगावरच करू. आम्ही आळीपाळीने तिची खिदमत केली आणि लोकांनी आम्हाला शाबासकी दिली. तिच्या पायांतील बळ गेले, पाठीला जखमा झाल्या, छातीत कफ भरला आणि आठ महिन्यांत ती गेली. मृत्यू अल्लाहच्या हाती आहे. पण आम्ही आठ महिने खिदमत केली आणि त्या चार पायऱ्यांचे काही केले नाही, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ऑपरेशननंतर रुग्णाला लवकर उठवून चालते करणे हा उपचाराचाच भाग आहे. पडून राहिल्याने रक्ताच्या गुठळ्या होतात, स्नायू गळतात, अंगाला जखमा होतात. माणसाला पलंगावरच ठेवणे ही आपल्याला सेवा वाटते, परंतु पुष्कळदा तिच्यामुळेच तो कायमचा पलंगाचा होतो.

माप घेतल्याशिवाय कापड फाडू नये

साधनांबद्दल थोडे व्यवहाराचे सांगतो. आम्ही कापडवाले मापाशिवाय कापड फाडत नाही. पण वॉकर मात्र लोक मेडिकलच्या दुकानातून छत्री आणावी तसा आणतात. माझाही तसाच आणला होता. तो बुटका होता, मी त्यावर ओणवा होऊन चालत होतो आणि पाठ दुखू लागली. वॉकरचे पाय कमीजास्त करता येतात हे पुढे फिजिओथेरपीच्या बाईंनी दाखवले. सरळ उभे राहून हात सैल सोडावेत. मनगटाची घडी जेथे येते, तेथे वॉकरची मूठ आली पाहिजे. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहते. चालताना आधी वॉकर पुढे, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. पुढे काठीवर आलात की काठी ऑपरेशनच्या पायाच्या उलट हातात धरावी. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. वॉकरच्या आणि काठीच्या टोकांना रबरी टोप्या असतात. त्या झिजल्या की फरशीवर घसरतात, म्हणून वेळच्या वेळी बदलाव्यात. माणसे येथेच कंजुषी करतात आणि पुन्हा पडतात.

दुसरी गोष्ट फरशीची. मी आयुष्यभर सतरंज्या, चादरी आणि पायपुसणी विकली. आता कबूल करतो की ऑपरेशन झालेल्या माणसाच्या वाटेत सुटी सतरंजी म्हणजे सापळा आहे. तिच्या कडेत वॉकरचा पाय अडकतो. ती गुंडाळून ठेवावी. लुंगी घोट्याच्या वर राहील अशी नेसावी, कारण लोळणारी लुंगी पायात येते. वॉकर धरला की दोन्ही हात गुंतलेले असतात, मग पाण्याची बाटली, फोन, तसबीह न्यायची कशात? आमच्या शिंप्याने उरलेल्या तुकड्यांतून दोन खिशांची पिशवी शिवून वॉकरला पुढे बांधून दिली. ती हलकीच ठेवावी, नाहीतर वॉकर पुढे झुकतो.

संडासात कमोडची खुर्ची भांड्यावर ठेवता येते. तिची उंची अशी असावी की बसल्यावर गुडघा खुब्याच्या वर जाणार नाही. शेजारच्या भिंतीला धरायला दांडी हवी. वुजूसाठी मी उंच स्टूल घेऊन बेसिनशी बसत असे आणि पाय धुण्याचे काम नातू मगाने पाणी ओतून करी. नमाज खुर्चीवर अदा केली. आजारी माणसाला शरीयतने ही सवलत दिलेलीच आहे. तरी पुष्कळ वडीलधारे खुर्चीवर बसायला शरमतात आणि डॉक्टरांनी मनाई केली असताना सजद्यात वाकतात. एकदा सांधा निखळला की पुन्हा ऑपरेशनची पाळी येऊ शकते, हे त्यांना कोणीतरी सांगितले पाहिजे.

कारागिरांसाठी एक दालन

या पानाचे वाचक बहुतेक कारागीर आहेत म्हणून हा मुद्दा विस्ताराने मांडतो. या साधनांपैकी बरीचशी आपल्या गावातच बनू शकतात. आमच्या घरातील दांड्या गावातील वेल्डरने बसवल्या. त्याला मी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. पाइप मुठीत पूर्ण मावला पाहिजे, म्हणजे साधारण दीड इंच जाडीचा. भिंत आणि पाइप यांत बोटे आरामात जातील एवढे, सुमारे दोन इंच अंतर हवे. आणि बोल्ट नुसत्या गिलाव्यात नकोत, पक्क्या भिंतीत खोलवर जायला हवेत. काम झाल्यावर वेल्डर स्वतः त्या दांडीला लोंबकळला आणि मगच त्याने पैसे घेतले. अशा कामाची जाहिरात करावी लागत नाही.

येथे जयपूर फूटची हकीकत सांगण्यासारखी आहे. पाय तुटलेल्यांसाठी पूर्वी जे कृत्रिम पाय मिळत, ते बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्या समाजासाठी बनवलेले होते. आपला शेतकरी अनवाणी चिखलातून चालतो, उकिडवा बसतो, मांडी घालतो. त्याला ते पाय निरुपयोगी ठरत. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयातील डॉ. प्रमोद करण सेठी आणि तेथील कारागीर रामचंद्र शर्मा यांनी मिळून रबराचा असा पाऊल-भाग तयार केला की तो घालून माणूस उकिडवा बसू शकतो आणि शेतात चालू शकतो. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रामचंद्र शर्मा डॉक्टर नव्हते, हाताने काम करणारे कारागीर होते. माणूस कसा बसतो आणि कसा उठतो हे पाहण्याची नजर त्यांच्याकडे होती, आणि ती नजर आपल्या सुतार, लोहार, वेल्डर, मोची बांधवांकडेही आहे.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण कोल्हापूरच्या नसीमा हुरजुक यांचे. ऐन तारुण्यात कमरेखालचे शरीर लुळे पडले. तरीही त्यांनी व्हीलचेअरवरून केंद्रीय अबकारी व सीमाशुल्क खात्यात नोकरी केली आणि १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारली. त्यांच्या आत्मकथनाचे नावच ‘चाकाची खुर्ची’ आहे. ज्या वस्तूला लोक दुर्दैवाची खूण समजतात, तिचे नाव त्यांनी अभिमानाने पुस्तकाला दिले. संस्थेने वसतिगृह आणि शाळा काढली, व्हीलचेअर व कॅलिपर बनवण्याची कार्यशाळाही चालवली. आमच्या अडचणी दोन-तीन महिन्यांच्या, त्यांची जन्माची. जन्माची अडचण असलेल्या एका मुस्लिम भगिनीने खुर्चीवरून एवढा पसारा उभा केला, तर आपण तात्पुरत्या वॉकरची लाज का धरावी?

ज्या कारागिराचे स्वतःचे ऑपरेशन झाले आहे, त्याच्या कामाच्या जागेचाही विचार करावा लागतो. जरीकाम करणारे अड्ड्यावर तासन्‌तास मांडी घालून बसतात. शिंपी पायाने मशीन चालवतो. मांडी बंद झाली म्हणजे रोजी बंद, असे समजून पुष्कळ जण बसून राहतात किंवा डॉक्टरांचे न ऐकता पुन्हा जमिनीवर बसतात. अड्डा उंच घोड्यांवर चढवून खुर्चीवर बसून काम करता येते. मशीनला मोटर बसवता येते. थोडे दिवस हात अवघडतो, मग सवय होते. डॉक्टरांना विचारून असे फेरफार केले तर रोजी लवकर सुरू होते.

दुकानाचा ओटा

तिसऱ्या महिन्यात मी दुकानावर गेलो तेव्हा आपलेच दुकान मला परके वाटले. ओटा दीड फूट उंच, मध्ये एकच पायरी, समोर गटार. माझ्याच दुकानात चढायला मला दोन माणसे लागली. आत गादी. गादीवर बसता येईना म्हणून मुलाने कोपऱ्यात एक खुर्ची ठेवली आणि मी तेथून गिऱ्हाइकांकडे पाहत बसलो.

तेथून मला जे दिसले ते गादीवरून तीस वर्षे दिसले नव्हते. वालवडची एक म्हातारी बाई नातीच्या लग्नाचा बस्ता बांधायला घरच्यांबरोबर आली होती. ती खाली रस्त्यावरच उभी राहिली. मुलगा वर आला, साडी निवडली, खालीच तिला दाखवली, तिने मान हलवली आणि सौदा झाला. मी तिला विचारले, “मावशी, वर का नाही आलात?” ती म्हणाली, “भाई, तुमच्या ओट्यावर चढायचं सोडून पाच वर्सं झाली.” पाच वर्षे ती आमची गिऱ्हाईक होती आणि पाच वर्षे तिने स्वतःच्या हाताने आमचे कापड चाचपून पाहिले नव्हते. अशी किती गिऱ्हाइके आम्ही गमावली असतील, त्याची नोंद कोणत्याच वहीत नाही.

उतार करायचा म्हटले तर त्याचेही माप आहे. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, हा सर्वसाधारण नियम. म्हणजे दीड फुटाच्या ओट्याला अठरा फूट उतार हवा. भूमच्या बाजारपेठेत एवढी जागा कोठे? सरळ उतार केला तर तो रस्त्याच्या मध्यावर येईल. काही दुकानदार दोन-तीन फुटांतच तिरपी फरशी टाकून उतार केल्याचे समाधान मानतात. तो मोटरसायकल चढवायला ठीक, पण पायाने अधू माणूस तेथून घसरून पडेल. आम्ही जुनी उंच पायरी काढून सहा-सहा इंचांच्या रुंद पायऱ्या केल्या, त्यांच्या बाजूला लोखंडी कठडा लावला आणि आत गादीबरोबर पाठीच्या चार खुर्च्या ठेवल्या. व्हीलचेअरवरचे गिऱ्हाईक अजूनही आमच्याकडे वर येऊ शकत नाही, ही उणीव कबूल केली पाहिजे. परंतु काठीवाले आणि गुडघेदुखीवाले आता वर येतात आणि वर आलेले गिऱ्हाईक खालच्यापेक्षा जास्त कापड पाहते, हे कोणत्याही व्यापाऱ्याला सांगायला नको. नवीन दुकान बांधणाऱ्यांनी मात्र सुरुवातीलाच ओटा कमी ठेवावा. बांधताना त्याला काही पडत नाही, नंतर फोडताना पडते.

घराचेही तेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आपल्या जिल्ह्यात माळवदाची धास्ती बसली आणि ज्यांची ऐपत होती त्यांनी सिमेंटची घरे बांधली. भिंती बदलल्या, पण उंच जोते, अरुंद संडास आणि उंबरे बहुतेकांनी तसेच ठेवले. व्हीलचेअर आरामात जायला दरवाजा तीन फूट मोकळा लागतो. आपल्या संडासाचे दार कितीचे आहे, हे वाचकांनी आज टेप घेऊन मोजून पाहावे.

जमातीने काय करावे

काही बांधव म्हणतील की दोन-तीन महिन्यांच्या दुखण्यासाठी एवढा खर्च कशाला? प्रश्न रास्त आहे. व्हीलचेअर, कमोडची खुर्ची, वॉकर प्रत्येक घराने विकत घ्यावे आणि नंतर माळ्यावर टाकावे, हे मलाही पटत नाही. परंतु त्यावर उपाय आपल्याकडे पूर्वीपासूनच आहे. लग्नकार्यासाठी जमातीच्या देगा असतात, सतरंज्या असतात. अनामत ठेवायची, वहीत नोंद करायची, काम झाले की घासूनपुसून परत करायची. याच रीतीने दोन व्हीलचेअर, चार वॉकर, चार कमोडच्या खुर्च्या आणि काही काठ्या कोणत्याही गावच्या जमातीला किंवा व्यापारी मंडळाला सहज ठेवता येतील. मोठ्या शहरांत सेवाभावी संस्था हे काम करतात. माझा वॉकर आणि कमोडची खुर्ची आतापर्यंत तीन घरांत जाऊन आली आहे, त्यातले एक घर खव्याची भट्टी चालवणाऱ्या आमच्या हिंदू शेजाऱ्याचे. दुखण्याला जात-धर्म नसतो, म्हणून असे भांडारही सर्वांसाठी खुले असावे. मय्यत नेण्याची खाट आपण प्रत्येक मशिदीत ठेवतो. जिवंत माणसाला उठून बसवणारी खुर्चीही तिच्या शेजारी का असू नये?

भांडार काढायचे तर ते सांभाळायचीही तयारी हवी. प्रत्येक वेळी वस्तू परत आल्यावर जंतुनाशकाने धुणे, व्हीलचेअरचे ब्रेक तपासणे, रबरी टोप्या बदलणे, ढिले स्क्रू आवळणे हे एका जबाबदार माणसाकडे सोपवावे आणि त्याला थोडे मानधन द्यावे. मोडक्या ब्रेकची व्हीलचेअर देण्यापेक्षा न दिलेली बरी.

सरकारी मदतीचीही माहिती ठेवावी. गरीब ज्येष्ठांना साधने देण्यासाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ साली सुरू झाली. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. तिच्यात ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २ लाख रुपयांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना अशा साधनांसाठी एकरकमी ३ हजार रुपये बँक खात्यात देण्याची तरतूद करण्यात आली. आपले बरेच वृद्ध कागदपत्रांच्या कटकटीने मागे राहतात. शिकलेल्या तरुणांनी समाजकल्याण कार्यालयात चौकशी करून त्यांचे अर्ज भरून द्यावेत.

ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली. तेव्हापासून मध्यम ऐपतीच्या माणसालाही असे ऑपरेशन थोडे आवाक्यात आले. म्हणजे पुढील काळात घरोघरी असे रुग्ण असणार. माझी वाचकांना विनंती एवढीच की, ऑपरेशनची तारीख ठरली की त्याच दिवशी घरात एक फेरी मारावी. पलंगाची उंची, संडासाचे दार, वाटेतील उंबरे, रात्रीचा दिवा, सुट्या सतरंज्या या पाच गोष्टी पाहाव्यात आणि रुग्ण रुग्णालयात असतानाच त्या नीट कराव्यात. आम्ही हे नंतर केले आणि एक आठवडा वाया घालवला. माझ्या आईच्या वेळी आम्ही ते केलेच नाही.

जुन्या घराच्या त्या चार पायऱ्या मी गेल्या दिवाळीत काढून टाकल्या आणि तेथे कठडा लावून सोपा उतार करून घेतला. आता त्या घरात भाडेकरू राहतात. त्यांच्या घरातील आजी रोज त्या उतारावरून एकटी जाते-येते.